घोडा मांड ओळखतो, म्हणजे नेमकं काय?

ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिंपिकमधल्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये जर्मनीची आनिका श्लोय आघाडीवर होती. तलवारबाजी झाली, पोहणं झालं, आता घोडेस्वारी. या खेळात घोडा स्पर्धकाचा स्वतःचा नसे. यजमानांनी आणलेल्या घोड्यांपैकी एक चिठ्ठीने वाट्याला येई आणि त्याची ओळख करून घ्यायला वीस मिनिटं मिळत. श्लोयला मिळालेला सेंट बॉय आधी दुसऱ्या एका स्पर्धकाच्या फेरीतही अडला होता. तिच्या मांडीखाली तर तो धड पुढे सरकेना. ती रडत होती, टाचा मारत होती, चाबूक चालवत होती. कुंपणाबाहेरून प्रशिक्षक किम राइसनर तिला जोरात मारायला ओरडून सांगत होत्या, आणि त्यांनी स्वतःही घोड्याला बुक्की मारली. राइसनर यांना स्पर्धेतून काढण्यात आलं, श्लोयचं पदक गेलं. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने या खेळातून घोडेस्वारीच वगळली. 2024चं पॅरिस ऑलिंपिक तिचं शेवटचं ठरलं.

या प्रसंगावर जगभर क्रूरतेची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. मला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. समजा, श्लोय शांत राहिली असती आणि राइसनर गप्प बसल्या असत्या, तरी वीस मिनिटांत त्या दोघांत काय जुळणार होतं? घोडा मांड ओळखतो, असं आपल्याकडची जाणती माणसं म्हणतात. खोगिरावर आलेला कच्चा की पक्का, हे त्याला पहिल्या चार पावलांत कळतं. पण कळल्यावर त्याच्या बाजूने काय घडतं, आणि ज्याला आपण विश्वास म्हणतो तो घोड्याच्या लेखी काय असतो, यावर तीन गोटांत तीन तऱ्हांनी बोललं जातं. एक गोट जुन्या उस्तादांचा, ग्रीकांपासून युरोपातल्या दरबारी पागांपर्यंतचा. दुसरा घोड्यांशी कुजबुजणाऱ्यांचा, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून सगळीकडे पोचलेल्या ‘नॅचरल हॉर्समनशिप’चा. तिसरा गेल्या पंचवीसेक वर्षांत उभ्या राहिलेल्या संशोधकांचा. हे गोट एकमेकांचं फारसं ऐकत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो: संशोधकांनी जे दाखवलंय ते बहुतेक वेळा उस्तादांच्या बाजूचं आहे, आणि कुजबुजणाऱ्यांना थोडं अडचणीचं.

सुरुवात घोड्याच्या देहापासून करायला हवी. चार-पाचशे किलोचा हा प्राणी कोणाची शिकार करत नाही, त्याची शिकार होते. संकट दिसलं की आधी पळायचं आणि मग वळून पाहायचं, यावर त्याची जात टिकली. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळा परिघ दिसतो, पण अगदी कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून जाणता मोतद्दार खांद्याच्या बाजूने, काहीतरी बोलत जवळ येतो. उडीच्या शेवटच्या क्षणी समोरचा अडसर घोड्याच्या नजरेआड गेलेला असतो. तिथे तो आधी पाहून ठेवलेल्या अंदाजावर आणि पाठीवरच्या माणसाच्या तोलावर उडतो. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत वर्षानुवर्षं अडसरांवर नारिंगी रंग असे, कारण माणसाला तो ठसठशीत दिसतो. घोड्याला मात्र तो गवतात मिसळून गेल्यासारखा दिसतो, हे एक्झेटर विद्यापीठाच्या अभ्यासातून पुढे आल्यावर तिथे पांढरा रंग आणला गेला. इतका पैसा, इतकी परंपरा असलेल्या खेळात ही साधी गोष्ट विचारायला कितीतरी पिढ्या लागल्या.

कान दोन्ही स्वतंत्र फिरतात. त्वचा इतकी संवेदनशील, की माशी बसली तर तेवढीच जागा थरथरते. तिथे सत्तर किलोचा माणूस बसल्यावर त्याने श्वास रोखला, एका मांडीवर भार टाकला किंवा मान वळवून मागे पाहिलं, तर ते घोड्याला कळणार नाही असं आपण कशावरून समजतो?

या बाबतीतला सगळ्यांत प्रसिद्ध दाखला हान्स नावाच्या घोड्याचा. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त जर्मन शिक्षकाने त्याला बेरीज-वजाबाकी शिकवल्याचा दावा केला होता. हान्स उत्तर टापांनी मोजून देई आणि बर्लिनमध्ये लोक ते पाहायला गर्दी करत. 1904मध्ये एका समितीने तपासणी केली आणि फसवणूक आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने बारकाईने पाहिलं आणि 1907मध्ये उलगडा मांडला. उत्तर जवळ आलं की प्रश्न विचारणाऱ्याचं अंग ताणलं जाई, योग्य टाप पडताच डोकं किंचित उचललं जाई. हान्स ते पाहून थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सलाही येत नसे. ही गोष्ट सांगताना सहसा घोड्याची पोल उघडी पडल्यासारखं सांगतात. मला ती उलट वाटते. गणित न येणारा हा घोडा फॉन ऑस्टेनच्या अंगावरची अशी हालचाल टिपत होता, जी फॉन ऑस्टेनला स्वतःलाही ठाऊक नव्हती.

अलीकडच्या प्रयोगांनी हेच वेगवेगळ्या बाजूंनी दाखवलं. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी काही जणांना घोडा घेऊन एका ठरावीक मार्गावरून ये-जा करायला लावलं. काही हातात धरून नेत होते, काही पाठीवर होते. शेवटच्या खेपेला माणसांना सांगितलं, की घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. घोड्याला छत्रीबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या गटाने घोड्यांना रागावलेल्या आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. रागीट चेहऱ्याकडे घोडे डाव्या डोळ्याने जास्त पाहत होते आणि त्यांचे ठोके लवकर चढत होते. पुढच्या प्रयोगात छायाचित्रातलाच माणूस काही तासांनी प्रत्यक्ष समोर आणला, तर घोड्यांची वागणूक आधी पाहिलेल्या चेहऱ्याप्रमाणे बदलली.

तेव्हा संवाद ‘सुरू करायचा’ असं जे रायडिंगच्या पुस्तकांत लिहितात, ते मुळातच चुकीचं आहे. घोड्याच्या बाजूने तो कधी बंदच नसतो. आपण न बोलता जे बोलतो त्याचा आणि मुद्दाम देतो त्या इशाऱ्यांचा मेळ बसतो की नाही, एवढाच खरा प्रश्न.

हे मुद्दाम दिलेले इशारे घोडा शिकतो कसे? इथे रम्य कल्पना थोड्या बाजूला ठेवाव्या लागतात. खोगिरावरून जे शिकवलं जातं त्यातलं बहुतेक दाब आणि सुटका या तत्त्वावर चालतं. पोटऱ्यांचा दाब आला, घोडा पुढे गेला, दाब सुटला. लगाम ताणला, घोडा थांबला, लगाम सैल झाला. घोडा शिकतो तो सुटकेच्या क्षणी. ती उत्तर मिळताच, सेकंदभराच्या आत मिळाली तर दोघांचं जमतं. उशिरा मिळाली तर आपण नेमकं काय बरोबर केलं हे त्याला कळत नाही. चांगला स्वार मोठ्या इशाऱ्याआधी दर वेळी लहान इशारा देतो, आणि लहानावरच उत्तर आलं तर मोठा देतच नाही. असं महिनोन् महिने झालं की पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. स्वाराने नुसता विचार केला आणि घोडा वळला असं वाटतं. यात जादू काहीच नाही, पण कष्ट अतोनात आहेत.

उलट काय होतं ते पाहायचं तर माथेरानला जावं. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे घोडा ही रोजची सवारी. आयुष्यात पहिल्यांदाच बसलेला पर्यटक भीतीने लगाम खेचून धरतो आणि त्याच वेळी घोडा चालावा म्हणून टाचाही मारतो. लगाम म्हणतो थांब, टाच म्हणते चल. घोडा काय करतो? दोन्ही सोडून देतो आणि पुढे चालणाऱ्या घोडेवाल्याकडे लक्ष ठेवतो. पर्यटक खाली उतरल्यावर म्हणतो, घोडा फार शांत होता. माथेरानचे घोडे ज्या प्रकारे या गोंधळाला कानाआड करतात त्याचं मला नेहमी कौतुक वाटतं. पण ते कौतुक घोडेवाल्याचं आहे, कारण त्याचा आवाज, त्याची चाल, त्याची दिशा रोज तीच असते.

बदलत नाही ते ऐकायचं, हा घोड्याचा हिशोब. माझ्या समजुतीने विश्वासाचा सगळा गाभा इथे आहे. घोड्याच्या लेखी विश्वासू माणूस म्हणजे ज्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो तो. आज ज्या गोष्टीला शाबासकी, उद्या तिलाच चाबूक, असा मालक कितीही लाड करो, घोडा त्याच्याजवळ सावधच राहतो. प्रेमाची जागा त्यानंतरची. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या कॅरोल सँकी यांच्या अभ्यासात, खाऊ देऊन शिकवलेले घोडे काही महिन्यांनीही माणसाजवळ आपणहून येत होते, त्यामुळे बक्षिसाला किंमत आहे हे नक्की. पण बक्षीस कोणतं हेही घोड्यालाच विचारावं. फेरी संपल्यावर मानेवर थाड थाड थापा मारायची आपली पद्धत बहुधा आपल्याच समाधानासाठी आहे. घोडे एकमेकांना थापा मारत नाहीत. आयाळ संपते तिथला खांद्यावरचा उंचवटा ते एकमेकांना दातांनी खाजवतात, आणि माणसाने नेमकं तिथे खाजवलं तर त्यांच्या हृदयाचे ठोके उतरतात, हेही मोजून पाहिलेलं आहे.

आता जुन्या उस्तादांकडे. घोड्यावरचा सगळ्यांत जुना सविस्तर मजकूर किक्कुली या मितन्नी देशच्या माणसाचा. तो साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हित्ती राजधानीत, आजच्या तुर्कस्तानात, मातीच्या विटांवर सापडला. कोणत्या दिवशी किती धाववायचं, किती चारा द्यायचा, केव्हा न्हाऊ घालायचं, असं ते वेळापत्रक आहे. रथाचे घोडे, लष्करी काम; घोड्याच्या मनाबद्दल त्यात फारसं काही नाही. मन आलं ते ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, अथेन्सच्या झेनोफोनच्या छोटेखानी पुस्तकात. हा स्वतः घोडदळातला माणूस. रागाच्या भरात घोड्याशी वागू नका, हे त्याने स्पष्ट सांगितलं. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर तिच्यात भिण्यासारखं काही नाही हे त्याला सावकाश दाखवा. मारत मारत जवळ न्याल तर तो मार त्या वस्तूमुळेच बसला असं समजेल आणि भीती दुप्पट होईल, हेही त्याने लिहिलं. आजच्या शिक्षण-सिद्धान्तात याला मोठं नाव आहे, पण निरीक्षण तेच. दोन हजार तीनशे वर्षांनी टोकियोच्या मैदानात कोणाला ते आठवलं नाही.

झेनोफोनचं आणखी एक निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शिंगराला सांभाळणाऱ्या नोकराला असं शिकवून ठेवा, तो म्हणतो, की भूक, तहान आणि माशांचा त्रास शिंगराला एकटं असताना जाणवावा, आणि खाणंपिणं, त्या त्रासातून सुटका माणसाच्या हातून मिळावी. विश्वासाचं काम त्याने स्वाराकडे नाही, मोतद्दाराकडे सोपवलं आहे. पुढच्या सगळ्या युरोपीय परंपरेत हा माणूस हळूहळू पानांच्या बाहेर जातो. अठराव्या शतकातला फ्रेंच उस्ताद गेरिनिएर घोड्याचं अंग मोकळं करणाऱ्या तिरक्या चालीचा पाठ इतका नेटका बसवतो, की तो आजही जगभर शिकवला जातो. पण त्या पागांतल्या नोकरांची नावं कोणाला ठाऊक नाहीत.

आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने चालत आलेलं अश्वशास्त्र आहे, बाराव्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांची पारख आणि घोड्यावरून खेळायचा चेंडूचा खेळही आहे. या ग्रंथांचा भर लक्षणांवर: भोवरे, रंग, चाल, शुभाशुभ. स्वार आणि घोडा यांच्यातलं देणंघेणं शोधायचं तर मराठ्यांच्या पागेत जास्त सापडतं, तेही ग्रंथात नाही, व्यवस्थेत. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगिराला सरकारी घोडा मिळे आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि त्यांच्या दिमतीला एक पखालजी, एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर यांची जबाबदारी ठरवून दिलेली, स्वाराच्या मर्जीवर सोडलेली नाही. 1674च्या मे महिन्यात चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं महाराजांचं पत्र रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी नेहमी वाचलं जातं. त्यातला घोड्यांचा भाग फारसा कोणी वाचत नाही. दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारले असं होईल, हा त्याचा आशय. पुढच्या मोहिमेत घोड्याने जीव तोडून धावायचं असेल, तर त्याचा हिशोब आदल्या वैशाखात सुरू होतो.

शिलेदार घोड्याला जपतो आणि म्हणून ऐन लढाईत हात राखतो, अशी टीकाही झाली आहे. घोडा मेला तर नुकसान त्याचं स्वतःचं. बारगिराला ती चिंता नाही, पण सरकारी घोडा आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. ओळख मुरायला वेळच नाही. या जुन्या फरकाची गंमत अशी, की आजच्या रायडिंग क्लबमधला हौशी माणूस पक्का बारगीर असतो. त्याबद्दल पुढे.

झाशीच्या राणीची गोष्ट इथे टाळता येत नाही. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये तिच्या अश्वपरीक्षेची वाखाणणी आहे. दिसायला सारख्याच उमद्या दोन घोड्यांवर बसून पाहिल्यावर, त्यातला एक छातीत दुखावलेला आहे हे तिने ओळखलं, असा प्रसंग त्यात येतो. अशा स्वाराचा शेवट, परंपरेने सांगतात त्याप्रमाणे, जून 1858मध्ये ग्वाल्हेरजवळ झाला तो ओढ्याशी अडलेल्या नव्या घोड्यामुळे. लढाईच्या धुमश्चक्रीत नेमकं काय घडलं याचे वृत्तांत वेगवेगळे आहेत. पण पिढ्यान् पिढ्या मराठी माणसांनी ही गोष्ट सांगताना घोडा नवा होता हे आवर्जून सांगितलं आहे. पाण्याला घोडे बुजतात, कारण खोली त्यांना दिसत नाही. तिथे ते ओळखीच्या मांडीवर भरवसा टाकून पाय घालतात किंवा अडतात.

त्याच वर्षी, 1858मध्ये, अमेरिकन जॉन रॅरी इंग्लंडमध्ये क्रूझर नावाच्या खुनशी समजल्या जाणाऱ्या घोड्याला वश करून दाखवत होता, राणी व्हिक्टोरियाच्या दरबारापर्यंत त्याची कीर्ती गेली. मार नाही, आरडाओरडा नाही. घोड्याचा एक पाय दुमडून पट्ट्याने बांधायचा, थकून तो आडवा पडेपर्यंत शांतपणे थांबायचं, मग त्याला कुरवाळायचं. लोकांना तो चमत्कार वाटला. आजचे संशोधक त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात: पळण्यावर जगणाऱ्या प्राण्याचं पळणंच काढून घेतलं, की तो प्रयत्न करणं सोडून देतो. बाहेरून ते शरणागतीसारखं दिसतं, कधी प्रेमासारखंही.

गेल्या शतकात कुजबुजणाऱ्यांच्या गोटातल्या मॉन्टी रॉबर्ट्स यांनी गाजवलेली ‘जॉइन-अप’ पद्धत याहून पुष्कळ सौम्य आहे. गोल रिंगणात घोड्याला मोकळा सोडायचा, देहबोलीने दूर पळवत राहायचं. त्याने मान खाली घातली, कान वळवला, ओठ चाळवले की आपण पाठ फिरवायची. घोडा मागे मागे येऊ लागतो. कळपाची भाषा आपण बोललो आणि घोड्याने आपल्याला पुढारी मानलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी ठेवली. गाडीने पाठलाग केला, घोडा तिच्याकडे वळला की ती थांबली. घोडे गाडीच्याही मागे येऊ लागले. गाडीला कोणी पुढारी मानत नाही. पाठलागाचा दाब आणि तो थांबण्याची सुटका, एवढंच तिथे होतं. रॉबर्ट्स यांनी आणि त्याच गोटातल्या टॉम डॉरन्स, रे हंट यांच्या परंपरेने मारझोडीविरुद्ध जनमत तयार केलं, हे श्रेय त्यांचंच. ‘मी तुझा मित्र’ हे स्पष्टीकरण मात्र प्रेक्षकांसाठी आहे.

यातून सगळ्यांत अवघड प्रश्न येतो. गप्प, आज्ञाधारक घोडा विश्वासाने गप्प आहे की हरल्यामुळे? इंग्लंडमधल्या पशुवैद्य सू डायसन यांनी पाठीवर स्वार असताना दिसणाऱ्या चोवीस वर्तनांची यादी बनवली: कान मागे पाडून ठेवणं, टक लावून पाहणं, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, शेपटी झटकत राहणं, मान वाकडी करणं, मागचा पाय घासटणं, असं बरंच. आठ किंवा त्याहून जास्त दिसली तर घोडा कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. एरवी आपण यालाच खोडी म्हणतो. अडेल, हट्टी, आळशी, घोडीचं नाटक. यातल्या कितीतरी तक्रारी घट्ट तंगाच्या, पाठीला लागणाऱ्या खोगिराच्या किंवा दाताच्या असतात. दाढांपुढच्या हिरडीच्या मोकळ्या जागेवर लगामाचं लोखंड टेकतं, हे लगाम ओढताना किती जण डोळ्यांपुढे आणतात?

वरच्या थरातही चित्र फार वेगळं नाही. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धाप्रकारात, घोड्याची हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान दुमडून सराव करण्यावर इतका गदारोळ झाला, की आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2010मध्ये बळजबरीने तसं करणं अमान्य ठरवलं. 2024मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर ब्रिटिश ड्रेसाज-स्वार शार्लट दुजार्डिन यांची सरावातल्या घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाची चित्रफीत बाहेर आली आणि त्यांनी माघार घेतली; पुढे वर्षभराची बंदी आली. लंडन 2012मध्ये वॅलेग्रो या घोड्यावरच्या त्यांच्या फेऱ्या पाहून अनेकांना घोडा-स्वार एकरूपतेची व्याख्या सापडली होती. त्या फेऱ्या खोट्या नव्हत्या. पण एका घोड्याशी जमलेलं दुसऱ्याशी आपोआप जमत नाही, हेही तेवढंच खरं.

आणि आपले नाचणारे घोडे? वरातीत, यात्रेत ताशाच्या ठेक्यावर पाय उचलणारी घोडी पाहून लोक नोटा ओवाळतात. काही घोडेवाले हे काम खरोखर धीराने शिकवतात. पण काटेरी लगाम आणि काठीही या धंद्यात आहेत, हे उघड गुपित आहे. चाबकाने नाचवलेला नर्तक सुंदर दिसेल का, असं झेनोफोनने बळजबरीने शिकवलेल्या घोड्यांबद्दल विचारलं होतं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे चाल पाहून, नाच पाहून घोड्यांचे सौदे होतात. तिथे घोड्याचे पाय सगळे बघतात. तोंड उघडून हिरड्या बघणारे थोडे, आणि ते बहुधा धनगर किंवा जुन्या शिलेदारी घराण्यातले.

घोड्यालाच विचारता येईल का, याचा एक साधा प्रयत्न नॉर्वेत झाला. तिथल्या संशोधकांनी तेवीस घोड्यांना तीन चिन्हं शिकवली: पाठीवर झूल घाला, झूल काढा, आहे तसंच राहू द्या. घोडा नाकाने चिन्हाला स्पर्श करी. थंडी-पावसात त्यांनी झूल मागितली, उन्हात काढायला सांगितली. आपलं म्हणणं ऐकलं जातं हे कळल्यावर काही घोडे माणसाकडे जास्त लक्ष देऊ लागले, असं संशोधकांनी नोंदवलं. स्वारीत असा पर्याय देणं अवघड, पण घोड्याचं ‘नको’ ऐकू येण्याइतपत हात हलका ठेवता येतो.

भारतात या सगळ्याचा विचार वेगळ्या जागेवरून करावा लागतो. हांग्झौच्या आशियाई स्पर्धेत 2023मध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवलं; अश्वक्रीडेतलं 41 वर्षांनंतरचं. हे चौघं युरोपात राहून आपापल्या घोड्यांसोबत तयार झाले होते. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये तर पात्रता-गुण स्वार आणि घोडा या जोडीनेच मिळवावे लागतात, घोडा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. पेंटॅथलॉनच्या वीस मिनिटांच्या अगदी उलट टोक. पण असा आधुनिक शिलेदार व्हायला पैसा लागतो. बाकी सगळे बारगीर: मुंबई-पुण्यातल्या क्लबांत पाऊण तासाची फेरी, आज हा घोडा, पुढच्या रविवारी तो. त्या घोड्याच्या पाठीवर दिवसात चार-पाच कच्च्या मांडी येऊन जातात, प्रत्येकाचा लगाम वेगळा, टाच वेगळी. तो बधिर होतो, आणि मग त्याला जाडजूड चाबूक ‘लागतो’.

अशा घोड्याला खरं ओळखीचं माणूस एकच, पहाटे तोबरा बांधणारा, खरारा करणारा, तंग आवळणारा मोतद्दार. त्याचा पगार तुटपुंजा, त्याला शिकवणी कोणी देत नाही, आणि स्पर्धेच्या पत्रकावर त्याचं नाव नसतं. क्लबात शिकवण्याचा क्रम बदलला तर बराच फरक पडेल असं मला वाटतं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या मुलाला दीर्घकाळ लांब दोरीवर फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात, रिकीब नाही, हातात लगाम नाही. आधी मांड, मग लगाम. तोवर त्याच्या चुका घोड्याच्या तोंडापर्यंत पोचत नाहीत. आपल्या क्लबांत पहिल्याच दिवशी लगाम हातात येतो, कारण पाऊण तासाचे पैसे भरलेल्या माणसाला नुसतं दोरीवर फिरवलं तर तो पुढच्या रविवारी येत नाही. आणि खरारा करायला लावला, तर त्याचे आईवडील ऑफिसात येऊन विचारतात, मुलगा स्वारी शिकायला आलाय की तबेला झाडायला?